‘बेल दाबली तर कोणी रागावणार नाही ना?’

प्रश्न : ताई, मी वेंगुर्ल्याची. वय 56. सहा-सात महिने डोकं दुखतंय, डाव्या हाताला मुंग्या येतात. सावंतवाडीच्या डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय लिहून दिला, तोही इंजेक्शन देऊन करायचा. म्हणाले, घाई नाही, पण टाळूही नका. आंबोली घाट चढून कोल्हापूरला गेलो. टेबलावर झोपले, तोंडावर ती जाळी बसवली आणि माझा श्वासच अडकला. ओरडून उठले. तिथला मुलगा म्हणाला, ‘काकू, लहान पोरं करून घेतात.’ परत येताना गाडीत कोणी एक शब्द बोललं नाही. मला लिफ्टमध्ये चढवत नाही. मुंबईला मुलाकडे जाताना करबुड्याचा बोगदा आला की तोंडाला पदर लावून डोळे मिटून बसते. आणि खरं सांगू? माझ्या जाऊबाईंना याच मशीनमध्ये घातलं आणि गाठ निघाली. चार महिन्यांत त्या गेल्या. आता गणपतीनंतरची तारीख मिळाली आहे. हे म्हणतात, डोळे मीट आणि पड. पण माझ्या मनात एकच येतं, माका जमूचा नाय. आत गेल्यावर बेल दाबली तर कोणी रागावणार नाही ना?
— एक वाचक (नाव छापू नये)

उत्तर : वहिनी, शेवटचा प्रश्न आधी घेते. नाही, कोणी रागावणार नाही. बेल दाबण्यासाठीच हातात देतात. मुठीत मावेल असा रबरी फुगा असतो, त्याला लांब नळी. तो दाबला की काचेपलीकडे मोठा आवाज होतो आणि टेक्निशियन माइकवर येऊन विचारतो, ‘काय होतंय?’ निवृत्त होईपर्यंत मी त्याच काचेपलीकडे बसत होते. फुगा दाबणाऱ्या पेशंटमुळे माझं काम कधी अडलं नाही. अडायचं ते न बोलता सोसणाऱ्यांमुळे. अर्ध्यावर त्यांचा धीर सुटायचा, डोकं हलायचं आणि सगळी चित्रं धूसर यायची.

‘लहान पोरं करून घेतात’ हे तुम्हाला ऐकवलं गेलं, ते वाचून फार वाईट वाटलं. ते खरंही नाही. लहान मुलं जागेपणी स्थिर राहत नाहीत, म्हणून त्यांना बहुतेक वेळा झोपेचं औषध किंवा भूल देऊनच आत घ्यावं लागतं. बंद जागेची भीती ही ज्याला असते त्यालाच कळते. तुम्ही त्या दिवशी उठलात यात लाजण्यासारखं काहीही नाही, आणि हे उत्तर तुमच्या घरच्यांनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे.

तुमच्या पत्रात दोन वेगवेगळ्या भीती आहेत. एक मशीनची, दुसरी मशीनमधून काय निघेल याची. दोन्ही एकदम घेऊन टेबलावर झोपलात, मग छाती दडपणारच. आपण त्या वेगळ्या करू. आधी मशीनची, कारण तिच्यावर आपल्या हातात पुष्कळ उपाय आहेत.

ते यंत्र म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेला आडवा बोगदा. आत दिवा असतो, वारा खेळता राहावा म्हणून पंखा असतो. नेहमीच्या यंत्रात बोगद्याचा व्यास साधारण 60 सेंटीमीटर, नव्या रुंद यंत्रांत 70. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर आहे, आणि गाडी मध्येच थांबली तर तुमच्या हातात काही नसतं. इथे सगळी लांबी जेमतेम माणसाच्या उंचीएवढी, मेंदूच्या तपासणीत पाय बाहेरच राहतात, आणि थांबवायचा फुगा तुमच्या मुठीत. ‘वीज गेली तर?’ असं आपल्याकडचे पेशंट हमखास विचारतात, आणि पावसाळ्यात कोकणातल्या माणसाने विचारावंच. वीज गेली तरी टेबल हाताने ओढून बाहेर काढता येतं. कोणी आत अडकून राहत नाही.

आता ती जाळी. तिला आम्ही कॉइल म्हणतो. मेंदूतून येणारे अगदी क्षीण रेडिओ संकेत पकडणारी ती अँटेना आहे, म्हणून ती डोक्याजवळच असावी लागते. तिच्याशिवाय मेंदूचं चित्र नीट येत नाही. पण ती तोंडावर दाबून बसवलेली नसते, डोळ्यांसमोर आणि नाका-तोंडासमोर ती मोकळी असते. बऱ्याच कॉइलवर छोटा आरसा लावता येतो. त्यातून तुम्हाला आपले पाय, खोलीचं दार आणि काचेपलीकडचा माणूस दिसतो. मागच्या वेळी तुम्हाला हे कोणी सांगितलं नाही, एकदम वरून जाळी आली. या वेळी टेबलावर आडवं होण्याआधी सांगा, ‘मला आधी ती कॉइल हातात घेऊन बघू द्या, मग लावा, मग एकदा काढा, मग परत लावा.’ या सगळ्याला दोन मिनिटं लागतात. माझ्या अनुभवात या दोन मिनिटांनी पुढची अर्धी लढाई व्हायची.

आवाजाबद्दलही आधीच माहीत असू द्या. खोलीत शिरताच एक सततची चिक्-चिक् ऐकू येईल, काहीही चालू नसताना. ती यंत्राला थंड ठेवणाऱ्या पंपाची. आतल्या चुंबकाच्या तारा द्रवरूप हेलियममध्ये उणे 269 अंशांवर ठेवलेल्या असतात, म्हणून तो पंप रात्रंदिवस चालतो. तपासणी सुरू झाली की ठकठक, घरघर, मग भोंग्यासारखा लांब सूर. चुंबकाच्या आत तारांची वेटोळी असतात. त्यांतून वीज भराभर चालू-बंद होते, प्रत्येक वेळी चुंबक त्यांना ढकलतो आणि ती थरथरतात. आवाज तेवढ्याचाच. मालवणचे एक तांडेल बाहेर येऊन म्हणाले होते, ‘आमच्या ट्रॉलरच्या इंजिनाशेजारी झोपल्यासारखं वाटलं, मला तर डुलकी लागली.’ कानात बोळे आणि वर हेडफोन देतात. दिले नाहीत तर मागून घ्या. मध्ये मध्ये आवाज थांबतो तेव्हा काही बिघडलेलं नसतं. पुढच्या भागाची जुळणी चालू असते.

मेंदूची तपासणी म्हणजे एकच लांबलचक फोटो नव्हे. तीन-चार ते पाच-सहा मिनिटांचे पाच-सात भाग असतात, त्यांना आम्ही सीक्वेन्स म्हणतो. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास, इंजेक्शन असेल तर थोडं अधिक. 1977 मध्ये माणसाच्या शरीराची पहिली अशी तपासणी झाली तेव्हा एका चित्राला जवळजवळ पाच तास लागले होते. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं असं, की तुम्हाला अर्धा तास सोसायचा नाहीच. तुम्हाला फक्त चालू असलेला भाग सोसायचा आहे. प्रत्येक भागाआधी ‘आता चार मिनिटं’, ‘आता तीन’ असं माइकवर सांगायला टेक्निशियनला सांगून ठेवा. आम्ही आनंदाने सांगतो. खोकायचं, गिळायचं, नाक खाजवावंसं वाटलं तर सांगायचं, ते दोन भागांच्या मध्ये. डोकं मात्र तेव्हाही जागचं हलवू नका.

तयारी घरीच सुरू करा. तुमच्याकडे लाकडी पलंग किंवा खाट असेलच. तिच्याखाली चटई टाका आणि डोकं-खांदे आत, पाय बाहेर असं उताणं झोपा. पहिल्या दिवशी दोन मिनिटं पुरे. जीव घाबरला की लगेच उठून पळू नका. श्वास सावकाश सोडत तिथेच थांबा, घाबरेपणा जरा ओसरला की मग बाहेर या. रोज थोडं वाढवत न्या. दोन-तीन दिवसांनी मुलाला सांगून फोनवर एमआरआयचा आवाज लावायला सांगा, इंटरनेटवर सहज मिळतो. नवरोजींना जवळ बसवा आणि पायाचा अंगठा धरायला सांगा. ‘डोळे मीट आणि पड’ म्हणण्यापेक्षा त्यांनी एवढं केलं तर जास्त उपयोग होईल. तपासणीच्या दिवशीही अंगावरचं सगळं धातूचं काढून आणि कानात बोळे घालून नातेवाइकाला खोलीत बसू देतात का, हे केंद्राला फोन करून विचारा. पुष्कळ ठिकाणी देतात. पायाला आपल्या माणसाचा हात लागलेला असला की आत पडलेल्याला फार आधार वाटतो, हे मी काचेतून पाहिलं आहे.

त्याच फोनवर आणखी विचारून घ्या. यंत्र रुंद तोंडाचं आहे का? कॉइलवर आरसा आहे का? इंजेक्शनाआधी उपाशी राहायचं का, आणि किती तास? तसं सांगितलं नसेल तर उपाशी जाऊ नका. रिकाम्या पोटी घाट आणि त्यात भीती, माणूस टेबलावर चढण्याआधीच गळून जातो. वेळ सकाळी पहिली मिळाली तर चांगली, बाहेर बसून इतरांचे चेहरे बघत राहावं लागत नाही. पण त्यासाठी पहाटे तीनला वेंगुर्ल्याहून निघून धुक्यात आंबोली चढणार असाल तर नको. आदल्या दिवशी जाऊन कोल्हापुरात कोणा नातेवाइकाकडे मुक्काम करा, नाहीतर दुपारचा नंबर घ्या.

डोळ्यांचं आधीच ठरवा. काहींना दिसत राहिलं की बरं वाटतं, त्यांना आरसा. तुम्ही बोगद्यात डोळे मिटता म्हणजे तुम्हाला न दिसलेलं बरं. मग स्वच्छ सुती रुमालाची घडी डोळ्यांवर ठेवायला सांगा, आणि ती कॉइल लावण्याआधी, टेबल बाहेर असतानाच. टेबल पूर्ण बाहेर येईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. एकदा आत बघितलं की मन तेच चित्र धरून बसतं. श्वास नाकाने, नेहमीसारखा, फक्त सोडताना थोडा लांबवायचा. छाती भरून मोठे श्वास घेऊ नका, त्याने डोकं हलतं.

आणि मनाला काम द्या. रामरक्षा पाठ असेल तर मनात म्हणा, पण ओठ न हलवता. ओठ हलले की जबडा हलतो आणि चित्रात उमटतं. पण मी पाहिलं आहे, घाबरलेल्याला पाठांतर मध्येच विसरायला होतं आणि मग तो अधिक घाबरतो. हाताचं काम जास्त धरून ठेवतं. तुमची तारीख गणपतीनंतरची आहे, तेव्हा मोदक तुमच्या हातात ताजे असतील. पहिला आवाज सुरू झाला की नारळ फोडा. विळीवर बसा, करवंटी फिरवत फिरवत खोवा, काळपट भाग येऊ न देता. दुसऱ्या आवाजाला गूळ चिरून सारण चुलीवर ठेवा, ढवळत राहा, कडेने सुटायला लागलं की वेलची. तिसऱ्याला उकड. पाण्यात तूप-मीठ, पिठी ओतायची, झाकण, वाफ, मग परातीत घेऊन तेला-पाण्याच्या हाताने मळायची. पुढे पारी करा आणि एकेक कळी पाडत जा. घाई करायची नाही, अकरा कळ्या म्हणजे अकरा. हळदीचं पान मोदकपात्रात अंथरेपर्यंत निम्म्याहून जास्त तपासणी झालेली असेल. एका पेशंट बाईंनी बाहेर आल्यावर मला सांगितलं होतं, ‘अजून तळणीचे राहिलेत.’

इंजेक्शनाबद्दल थोडक्यात. ते शेवटच्या टप्प्यात, हातात आधीच लावून ठेवलेल्या सुईतून देतात. हाताला गार लागतं, क्वचित तोंडाला धातूसारखी चव येते, लगेच जाते. त्यात गॅडोलिनियम असतं आणि ते मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं. म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात. तो रिपोर्ट बरोबर ठेवा.

एवढं सगळं करूनही वाटलं की नाही होणार, तर तारखेआधीच तुमच्या डॉक्टरांना सांगा. तपासणीआधी घ्यायची, भीती कमी करणारी सौम्य गोळी ते लिहून देऊ शकतात. पुष्कळांना देतात. मात्र शेजारणीची झोपेची गोळी अर्धी करून घेणं नको. घाटात उलटी होऊ नये म्हणून तुम्ही काही घेत असाल तर तेही सांगा, त्या गोळ्यांनीही गुंगी येते आणि दोन्ही मिळून जास्त होईल. गोळी घेतली तर सोबत माणूस हवाच.

दागिन्यांचं आदल्या रात्रीच बघा. मंगळसूत्र, पाटल्या, कानातलं, जोडवी, सगळं काढून घरी कपाटात ठेवून या, म्हणजे तिथे पर्समध्ये कोंबून जिवाला घोर लागणार नाही. सोनं चुंबकाला चिकटत नाही, पण ते तापू शकतं, त्याच्या आकड्यात दुसरा धातू असू शकतो आणि चित्र बिघडतं. गळा मोकळा ठेवायला मन घेत नसेल तर हळदीच्या धाग्यात हळकुंड बांधा, त्यात धातू नाही. नाकातली चमकी वर्षानुवर्षं काढलेली नसते आणि तिची फिरकी बसलेली असते. आधीच सोनाराकडे जाऊन सोडवून घ्या, कारण ती नेमकी डोक्याच्या चित्रात येते. पदराच्या आणि निऱ्यांच्या पिना, केसांतले आकडे, ब्लाउजचे हुक, जरीचा काठ, काहीच चालत नाही. तिथला गाऊन संकोचाचा वाटत असेल तर हुक-बटणं नसलेली आपली साधी सुती मॅक्सी न्या आणि ‘ही चालेल का’ म्हणून दाखवा. त्या दिवशी काजळ लावू नका.

आता जाऊबाई. वहिनी, त्यांची गाठ त्या मशीनने आणली नाही. ती आधी होती, मशीनने ती दाखवली. हे तुम्हाला डोक्याने कळतं, मला माहीत आहे, तरी मन मानत नाही, कारण वाईट बातमी त्या दारातून बाहेर आली आणि घरात शिरली. म्हणून मी तुम्हाला त्याच दाराच्या आतली गोष्ट सांगते. डोकेदुखीसाठी येणाऱ्या बहुतेकांच्या चित्रांत काळजी करण्यासारखं काही नसतं. डॉक्टर एमआरआय लिहितात तो बहुधा काही नाही याची खात्री करून घ्यायला. हाताच्या मुंग्या मानेतल्या नसेमुळे येऊ शकतात, मनगटातल्या नसेमुळे येऊ शकतात, जीवनसत्त्व कमी पडल्यानेही येतात. तुमच्या का येतात ते डॉक्टरच सांगतील, मी डॉक्टर नाही. पण न पाहता वाटत राहणारी भीती तुम्ही सहा-सात महिने रोज सोसताय. त्यापुढे तो अर्धा-पाऊण तास मला कमी वाटतो. आणि समजा काही निघालंच, तर लवकर निघालेलं बरं. मेंदूतल्या सगळ्या गाठी एकसारख्या नसतात, काही सावकाश वाढणाऱ्या आणि पूर्ण काढता येणाऱ्याही असतात. जाऊबाईंचं जे झालं ते त्यांच्या आजाराचं झालं. तुमच्या डोक्यात तोच आजार आहे असं मानायला आज तुमच्याकडे काहीही कारण नाही.

एक विनंती. बाहेर आल्यावर टेक्निशियनच्या चेहऱ्यावर काही वाचायला जाऊ नका. सगळे पेशंट वाचतात. मी गप्प असले की त्यांना वाटायचं काहीतरी दिसलंय. मी त्या वेळी पुढच्या माणसाला पेसमेकर आहे का ते विचारायच्या गडबडीत असायची. एखादा भाग परत घेतला, वेळ जास्त लागला, आतून दुसरे कोणी येऊन पडदा बघून गेले, यातल्या कशाचाच अर्थ ‘काहीतरी निघालं’ असा होत नाही. बहुतेक वेळा डोकं जरासं हललेलं असतं.

आणि हे सगळ्याच वाचकांसाठी. अचानक तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, फिट आली, किंवा आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी एकदम उठली, तर एमआरआयच्या तारखेची वाट बघत बसायचं नाही. 108 ला फोन करा आणि थेट मोठ्या रुग्णालयात जा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि आपल्याकडे त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो.

वहिनी, तपासणी झाली की मला कळवा.

प्रश्न : मी हर्णैला बोटींच्या इंजिनांची कामं करतो, वेल्डिंग-ग्राइंडिंग रोजचं. आता मेंदूचा एमआरआय सांगितलाय. फॉर्मवर ‘डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का’ असं विचारलंय. पूर्वी एकदा गेला होता, डॉक्टरांनी काढला. ‘नाही’ लिहिलं तर चालेल का? उगाच तारीख पुढे जायची.

उत्तर : भाऊ, चालणार नाही. ‘हो’ लिहा आणि तोंडानेही सांगा. लोखंडाचा बारीकसा कण डोळ्यात राहून गेला असेल तर तुम्हाला वर्षानुवर्षं कळणारही नाही. पण 1.5 टेस्लाचं चुंबक म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जास्त. तो कण आत सरकला तर नजर जाऊ शकते. डोळ्यांचा एक एक्स-रे काढून आधी खात्री करतात, तेवढ्याने प्रश्न मिटतो. पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीला लावलेली क्लिप, कानात बसवलेलं यंत्र, शरीरात राहिलेला छर्रा, कुठलीही शस्त्रक्रिया, सगळं सांगायचं. यातल्या पुष्कळ गोष्टी असूनही तपासणी होऊ शकते, पण कुठलं यंत्र आणि कशी, हे त्यांना आधी ठरवावं लागतं.

हे चुंबक तपासणी नसतानाही चालूच असतं. 2018 मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन खोलीत गेलेल्या एका तरुण नातेवाइकाचा जीव गेला. तुमच्या सोबत जो येईल त्यालाही सांगा, खिशातला पाना, चाव्या, मोबाइल, एटीएम कार्ड सगळं बाहेर. आणि कामावर चष्मा लावा भाऊ, उद्यापासून नाही, आजपासून.

प्रश्न : मी गुहागरचा निवृत्त शिक्षक, वय 68. चक्कर येते म्हणून एमआरआय केला. रिपोर्ट फोनवर आला. ‘एज रिलेटेड अ‍ॅट्रोफी’, ‘स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’, ‘म्युकोसल थिकनिंग’ असं लिहिलं आहे. डॉक्टर पुढच्या सोमवारी भेटणार. तोवर झोप नाही. मेंदू झिजला म्हणजे काय उरलं?

उत्तर : गुरुजी, खूप काही उरलंय. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, त्यात एक मात्रा चुकलेली नाही. रेडिओलॉजिस्टला चित्रात जे जे दिसेल ते सगळं लिहावंच लागतं, महत्त्वाचं असो नसो. पहिली ओळ म्हणजे वयानुसार मेंदूचा आकार थोडा कमी होतो, तो झाला आहे. दुसरी म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांवर वयाचा, रक्तदाबाचा, साखरेचा परिणाम दिसतो. या वयात ती पुष्कळ रिपोर्टांत असते. तिसरी तर सायनसच्या अस्तराला आलेली सूज, सर्दी होऊन गेल्यावरही दिसते.

यातलं दुसरं वाक्य मात्र सोमवारी डॉक्टरांना नीट विचारा. रक्तदाब किती असायला हवा, साखर किती, काही औषध बदलायचं का. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तोवर एकही चुकवू नका, आणि तंबाखू असेल तर सोडा. रिपोर्टच्या शेवटी ‘इम्प्रेशन’ म्हणून चार ओळी असतात, डॉक्टर मुख्यतः त्या आणि प्रत्यक्ष चित्रं बघतात. म्हणून फिल्म किंवा सीडी न विसरता न्या. इंटरनेटवर एकेक शब्द शोधणं आजपासून बंद करा. तिथे सगळ्यांत वाईट अर्थ आधी येतो, आणि तो तुमच्यासाठी लिहिलेला नसतो. चक्कर चालू आहे तोवर एकट्याने विहिरीवर जाऊ नका, स्कूटर नको.

प्रश्न : मला कोळंबी आणि तिसऱ्या खाल्ल्या की अंगावर पित्त उठतं. एमआरआयचं इंजेक्शन घ्यायचं आहे. शेजारी म्हणतात, मासळीची अ‍ॅलर्जी असली तर ते इंजेक्शन घेऊ नये. खरं का? — देवगड

उत्तर : नाही. हा समज आपल्या किनाऱ्यावर फार ऐकू येतो आणि त्यापायी लोक तपासणी टाळतात. कोळंबी-तिसऱ्यांची अ‍ॅलर्जी असते ती त्यांतल्या प्रथिनांची. लोकांना भीती असते आयोडीनची. आयोडीन असलेलं इंजेक्शन सीटी स्कॅनला देतात, आणि तिथेही मासळीच्या अ‍ॅलर्जीचा त्याच्याशी संबंध नाही. एमआरआयच्या इंजेक्शनात तर आयोडीन नसतंच.

तरीही फॉर्मवर ही अ‍ॅलर्जी लिहा, दमा असेल तर तोही. आणि पूर्वी कधी कुठल्याही तपासणीच्या इंजेक्शनाने अंगावर चकंदळं उठली असतील, घशात आवळल्यासारखं झालं असेल, तर ते सगळ्यांत आधी सांगा आणि शक्य असेल तर त्या इंजेक्शनाचा जुना कागद घेऊन जा. इंजेक्शन दिल्यावर थोडा वेळ तिथेच बसवतात. उठून लगेच एसटी पकडायला धावू नका, पुढच्या गाडीचा हिशेब धरूनच घरून निघा.